एका क्विंटल धानाचं तिकीट

2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. त्याच वर्षी सप्टेंबरात, आमच्या बांध्यांमध्ये धान निसवत असताना, कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं विक्रीला आली. सगळ्यात स्वस्त तिकीट 2,500 रुपयांचं होतं आणि सगळ्यात महाग 35,000 चं. म्हणजे एक क्विंटल धान विकूनही सगळ्यात स्वस्त जागा मिळत नव्हती. सगळ्यात महाग जागेसाठी पंधरा क्विंटलहून थोडे जास्तच विकावे लागले असते.

माझी भाची नागपूरला शिकते. तिचा फोन आला, "मामाजी, एवढे पैसे कायचे घेतेत हे लोक? गाणंच तं म्हनतेत ना?" मी तेव्हा "मोठ्या लोकायचं तसंच रायते" असं काहीतरी बोलून फोन ठेवला. पण ते उत्तर नव्हतं, आणि ते मला खुपत राहिलं. कारण आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा हिशेब मी कितीतरी वर्षांपासून ठेवतो, तिकीटबारीवर बसतो. तिकिटाचा दर कसा ठरतो हे मला सांगता यायला हवं होतं. तेच इथे मांडतो.

सुरुवात आमच्या नाटकापासून करतो, कारण मोठ्या कार्यक्रमाचं गणितही त्याच जातीचं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्यांच्या रात्री नाटक असतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटकांचं मुख्य ठाणं, बहुतेक कंपन्या तिथल्या. त्याच जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाहुणे आलेले असतात, जेवणं झाली की मंडळी बाया-पोरांसह निघतात, आणि रात्री सुरू झालेलं नाटक संपतं तेव्हा कोंबडा आरवत असतो. गाणी तिथेच, ऑर्गन-तबल्यावर, गळ्यातून गायली जातात.

नाटक गावचं मंडळ ठरवतं. समजा कंपनीला 60,000 द्यायचे. बयाना आधी. त्यात बिछायत केंद्राचा मंडप, खुर्च्या, जनरेटर, कलाकारांचं जेवण, गाडीवर फिरणारा भोंगा आणि परवानगीची धावपळ धरली तर आणखी 40,000. एक लाख झाले. आता हे एक लाख पहिलं तिकीट विकलं जाण्याच्या आधीच खर्च झालेले असतात. दोनशे माणसं आली तरी एक लाख, दोन हजार आली तरी एक लाख. शंभर रुपयांनी हजार तिकिटं खपली की मंडळाची मुद्दल निघाली. त्यापुढचं प्रत्येक तिकीट जवळपास पूर्ण नफा. आणि त्या रात्री अवकाळी पाऊस आला तर सगळा घाटा मंडळाच्या अंगावर, कंपनीच्या नाही.

मोठ्या शहरातल्या कार्यक्रमात मंडळाच्या जागी आयोजक कंपनी असते. बाकी रचना तीच. कलाकाराला हमीची रक्कम आधी कबूल करायची, मैदान घ्यायचं, आणि तिकीटविक्रीची धास्ती आपल्या डोक्यावर घ्यायची. परदेशातल्या मोठ्या दौऱ्यांत खर्च वजा जाऊन जे उरतं त्यातले 85 ते 90 टक्के बहुधा कलाकाराकडे जातात. आयोजक उरलेल्यात भागवतो, म्हणून मग तो पार्किंग, खाणंपिणं, जाहिराती आणि तिकिटावरचं शुल्क इथून कमाई काढतो.

खर्चही खरोखर मोठा असतो. आयर्लंडच्या यू-टू या बँडने 2009 ते 2011 च्या दौऱ्यात पोलादी मंचाचे तीन सारखेच सांगाडे बनवून घेतले होते. एका शहरात कार्यक्रम चालू, दुसऱ्या शहरात सांगाडा उभा होतोय, तिसरा वाटेवर. असं केलं नाही तर बँड आठवडाभर नुसता बसून राहील. परदेशी कलाकाराला भारतात मिळणाऱ्या मानधनावर 20 टक्के प्राप्तिकर कापावा लागतो, आणि कलाकाराने "माझ्या हातात इतके आले पाहिजेत" असा करार केला असेल तर तो कर आयोजकाच्या खिशातून जातो. तिकिटावर 18 टक्के जीएसटी असतो. कर धरून 2,500 चं तिकीट असेल तर त्यातले 381 रुपये सरकारचे. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला मात्र हा कर माफ आहे, म्हणून आमच्या गावच्या बारीवर जीएसटीचा प्रश्न येत नाही.

इथपर्यंत ऐकून पुष्कळ लोक म्हणतात, झालं, खर्च आहे म्हणून तिकीट महाग. मला हे पटत नाही. खर्चाने फक्त दराचा तळ ठरतो. याच्या खाली गेलो तर बुडतो, एवढंच तो सांगतो. 35,000 का, हे त्यातून कळत नाही.

आणखी एक कारण दिलं जातं, आणि ते फार सुंदर आहे म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी 1960 च्या दशकात ते मांडलं. आपल्याकडे धान कापायला हार्वेस्टर आला, आणि पंधरा-वीस बायांचं दिवसभराचं काम तासाभरात होऊ लागलं. पण नाटकातलं गाणं? पन्नास वर्षांपूर्वी त्याला एक गायिका, एक ऑर्गनवाला, एक तबलजी लागायचा, आणि गाणं सहा मिनिटं चालायचं. आजही तेवढीच माणसं लागतात आणि तेवढीच मिनिटं. काम जलद झालं नाही. पण इतर धंद्यांत मजुरी वाढली की तबलजीलाही जास्त द्यावं लागतं, नाहीतर तो तबला ठेवून दुसरं काम धरेल. म्हणून जिवंत कला बाकीच्या वस्तूंच्या मानाने महाग होत जाते, कोणाची लबाडी नसतानाही. आमच्या मंडळाच्या वह्या वर्षानुवर्षं पाहिल्या तर हे अक्षरशः दिसतं. दर वेळी कोणीतरी म्हणतं, "कंपन्या लुटून रायल्या." त्या लुटत नाहीत. पंचवीस-तीस माणसांना रात्रभर जागवायचं, गाडीने आणायचं-न्यायचं, हे स्वस्त होण्याचा मार्गच नाही.

पण बॉमोलचं हे कारण आमच्या ऑर्गनवाल्याला लागू पडतं, जगभर फिरणाऱ्या बँडला अर्धंच. कारण त्या बँडचं काम जलद झालेलं आहे. भोंगा नव्हता तेव्हा नटाचा आवाज चार-पाचशे माणसांपर्यंत पोहोचायचा. आज अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये एकाच रात्री लाखावर लोक एकाच गायकाला ऐकतात, पडद्यावर त्याच्या कपाळावरचा घाम पाहतात. कोल्डप्लेने जानेवारी 2025 मध्ये तेच केलं, सलग दोन रात्री. म्हणजे माणशी खर्च उलट कमी व्हायला हवा होता.

मग दर कुठून येतो? जागा आणि माणसं यांच्यातल्या तफावतीतून. नवी मुंबईच्या तिकिटांच्या वेळी 1 कोटी 30 लाख लोक संकेतस्थळावर आले होते. कार्यक्रम आधी दोन, मागाहून एक वाढवून तीन. तिन्ही रात्रींच्या मिळून जागा लाखांत मोजायच्या, कोटीत नाही. अशा वेळी तिकीट 2,500 चं ठेवा की 10,000 चं, मैदान भरणारच आहे. दर खर्चाकडे पाहून ठरतच नाही. शेवटची जागा घेणारा माणूस किती द्यायला तयार आहे, याकडे पाहून ठरतो.

हे शेतकऱ्याला समजावून सांगायला सोपं जायला हवं आणि तेच सर्वांत अवघड जातं, कारण त्याने "मागणी आणि पुरवठा" हे शब्द कायम आपल्याच विरुद्ध वापरलेले ऐकले आहेत. धान जास्त झाला, भाव पडला: मागणी-पुरवठा. सोयाबीन बाहेरून आलं, भाव पडला: मागणी-पुरवठा. मग गायकाच्या बाबतीत तोच नियम त्याला श्रीमंत कसा करतो? फरक असा की माझा धान आणि शेजाऱ्याचा धान व्यापाऱ्याच्या काट्यावर सारखाच. मी नाही विकला तर तो दुसऱ्याचा घेईल. गायक मात्र एकच आहे. त्याच्या ऐवजी दुसरा आणून उभा केला तर चाहता परत जाईल. ज्याच्या मालाला पर्याय नाही तो दर सांगतो, ज्याच्या मालाला हजार पर्याय आहेत तो दर ऐकतो. अर्थशास्त्रात याला मक्तेदारीची ताकद म्हणतात. ती फसवणूक नव्हे, पण ती ताकद आहे, आणि ताकद असणाऱ्याने ती किती वापरायची हा प्रश्न उरतोच.

ती अलीकडे जास्त वापरली जाते, त्याचंही कारण आहे. माझ्या तरुणपणी कॅसेट विकत घेत होतो आणि त्यातून गायकाला पैसे मिळत. मग पायरेटेड कॅसेट आली, सीडी आली, मोबाईलमध्ये गाणी भरून देणारी दुकानं आली, आणि आता महिन्याच्या थोड्या पैशात किंवा जाहिराती ऐकून फुकट, जगातलं जवळजवळ सगळं संगीत ऐकता येतं. एकदा गाणं ऐकल्याचे गायकाच्या वाट्याला काही पैसेच येतात, रुपया नाही. डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाने 2002 मध्येच सांगून ठेवलं होतं की संगीत पुढे नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होईल, आणि गायकांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी. तसंच झालं. पूर्वी दौरा कॅसेट खपवण्यासाठी असायचा. आता गाणं दौऱ्याची जाहिरात झालं आहे. माझी भाची वर्षभर जे फुकट ऐकते, त्याची वसुली एका रात्रीच्या तिकिटात होते.

हे सगळं मान्य केलं तर महाग तिकीट समर्थनीय ठरतं का? माझं मत असं आहे की उघडपणे, आधी जाहीर करून ठेवलेला मोठा दर मला आवडत नसला तरी मी त्याला अन्याय म्हणणार नाही. गाणं ऐकणं हा माणसाचा हक्क असेल, पण एका ठरावीक माणसाला ठरावीक रात्री प्रत्यक्ष पाहणं हा रेशनचा तांदूळ नव्हे. ज्याची ऐपत आहे त्याने पंधरा क्विंटल धानाचे पैसे द्यावेत. मला राग येतो तो दराच्या आकड्यापेक्षा त्याच्या भोवती चालणाऱ्या तीन गोष्टींचा.

पहिली म्हणजे ब्लॅक. बाजार ज्याला 15,000 देईल ते तिकीट आयोजकाने 3,500 ला ठेवलं, तर मधले 11,500 हवेत विरून जात नाहीत. ते कोणीतरी उचलतोच. खऱ्या चाहत्याला ते सवलत म्हणून मिळावेत अशी कलाकाराची इच्छा असते, पण संगणकावर शंभर खाती उघडून बसलेला माणूस ते आधी पळवतो. कोल्डप्लेची तिकिटं काही तासांत संपली आणि दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरात दिसू लागली. मुंबई पोलिसांकडे तक्रारी गेल्या, ऑक्टोबर 2024 मध्ये ईडीने अनेक शहरांत छापे घातले, त्यात पंजाबी गायक दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांचाही तपास होता. बनावट तिकिटंही विकली गेली होती. ब्लॅकच्या पैशातला एक रुपयाही गायकाला, तबलजीला, मंच बांधणाऱ्या मजुराला मिळत नाही. घाटा सोसण्याची ज्याची तयारी नाही, पावसाची ज्याला धास्ती नाही, तो सगळ्यात जास्त कमावतो. आपल्या धानाच्या बाबतीतही असा माणूस असतोच. खरेदी केंद्र उघडायला उशीर झाला की हातात नगद घेऊन बांधावर येणारा.

यावर उपाय नाही असं नाही. आयर्लंडने 2021 मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीपेक्षा जास्त दराने परत विकायला बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयात या विषयावर जनहित याचिका गेली होती, तेव्हा न्यायालयाने कायदे करणं हे विधिमंडळाचं काम आहे असं सांगून ती निकाली काढली. म्हणजे चेंडू आता आपल्या निवडून दिलेल्या लोकांकडे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खरेदी चालू असताना चढणारा दर. पुण्याला कामाला असलेल्या आमच्याकडच्या पोरांना हे सांगायला नको. एरवीचं ट्रॅव्हल्सचं भाडं दिवाळीच्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट होतं. राज्य सरकारने 2018 मध्ये खासगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपट अशी मर्यादा घातली, ती घालावी लागली यातच सगळं आलं. तिकिटांत हेच होतं. ऑगस्ट 2024 मध्ये ब्रिटनच्या ओअॅसिस या बँडच्या तिकिटांसाठी लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबले, आणि नंबर आला तेव्हा सुमारे 150 पौंडांचं उभं राहायचं तिकीट 355 पौंडांना दिसलं. समोर घड्याळ उलटं धावत होतं, घ्यायचं तर आत्ता. तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली आणि पुढे तिकीट कंपनीने वेगवेगळे दर 24 तास आधी सांगायचं कबूल केलं. दर जास्त असणं एक, आणि माणूस दारात आल्यावर दर बदलणं वेगळं. आमच्या गावात बारीवर मी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला चौकात उभं राहता आलं नसतं.

तिसरी गोष्ट शुल्काची. तिकीट एक दराने दाखवायचं आणि शेवटच्या पानावर सोयीचं शुल्क, त्या शुल्कावर पुन्हा कर, असं करत रक्कम वाढवायची. मागे एका कार्यक्रमासाठी मी घरच्या चौघांची तिकिटं मोबाईलवर काढली तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या पानावरच्या आकड्यात जो फरक पडला, त्यात येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं निघालं असतं. पूर्ण रक्कम पहिल्याच पानावर लिहायला कुठला खर्च येतो?

गायकाच्या हातात काहीच नसतं, असं मात्र समजू नये. ब्रिटनच्या द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथ यांनी 2023 च्या अमेरिका दौऱ्यात चढता दर लावू दिला नाही, काही तिकिटं 20 डॉलरला ठेवली, आणि त्या तिकिटावर शुल्कच जास्त लागतंय हे दिसल्यावर जाहीरपणे आवाज उठवला. तिकीट कंपनीला लोकांना तिकिटामागे 5 किंवा 10 डॉलर परत करावे लागले. कोल्डप्लेनेही भारतात काही तिकिटं 2,000 रुपयांना, एका माणसाला जास्तीत जास्त दोन, अशी मागाहून विकली. जागा कुठली ते तिकीट हातात येईपर्यंत कळायचं नाही, पण ती चांगल्या जागांमध्येही येऊ शकत होती. अमेरिकेच्या गायिका टेलर स्विफ्ट यांच्या 149 कार्यक्रमांच्या दौऱ्यात एक कोटीहून जास्त लोक आले आणि तिकिटांचे दोन अब्ज डॉलरहून जास्त जमले. माणशी हिशेब लावला तर सरासरी दोनशे डॉलरच्या आसपास. काळ्या बाजारात तीच तिकिटं हजारोंत गेली. त्यांनी दर दुप्पट केला असता तरी मैदानं भरली असती. कमी घेणं हा निर्णय असतो, आणि तो घेता येतो.

स्वस्त आणि फुकट यातही गोंधळ करू नये. नागपूरला खासदार सांस्कृतिक महोत्सवात देशातले मोठमोठे गायक पासवर ऐकायला मिळतात. भाची तिथे दोनदा जाऊन आली. तिथे गायकाला मानधन मिळत नाही असं नाही. ते प्रायोजक देतात, ऐकणारा देत नाही. पैशाऐवजी वेळ द्यावा लागतो: पाससाठी रांग, जागेसाठी दुपारपासून मैदानावर. जो नागपुरात राहतो त्याला हे परवडतं. गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या पोराला रात्री परतीची गाडीच नाही. आणि अहमदाबाद किंवा मुंबईचा कार्यक्रम म्हटला तर रेल्वे, राहणं, खाणं धरून 2,500 च्या तिकिटाचे 8,000 होतात. आपल्याकडच्या माणसासाठी तिकीट हा खर्चाचा लहान भाग असतो, हे शहरात बसून दर ठरवणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

2024 च्या मंडईच्या आधी आमच्या मंडळाची बैठक झाली तेव्हा एका तरुण सभासदाने सुचवलं की यंदा कंपनी नावाजलेली आहे, गर्दी होणारच, तर सगळेच दर वाढवू. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मी त्याला वही दाखवली. पुढच्या खुर्च्या सत्तर-ऐंशीच असतात, त्या नोकरदार, व्यापारी आणि बाहेरून आलेले जावई घेतात, आणि दर वाढला तरी घेतात. मागे जमिनीवर चटया टाकून बसणाऱ्या बाया रोजीने जातात. रोजगार हमीची मजुरी 2024-25 मध्ये 297 रुपये होती. तिघा-चौघांचं घर नाटकाला आलं तर एका दिवसाची मजुरी तिथेच संपते. तासभर वाद झाला. शेवटी खुर्चीचा दर पन्नासने वाढवला, जमिनीचा होता तोच ठेवला, आणि बारीवर दोन्ही दर मोठ्या अक्षरात लिहून लावायचे असं ठरलं.

भाची त्या रात्री आली होती. जमिनीचं तिकीट काढून तिच्या आजीजवळ बसली, आणि पहाटे तिसऱ्या अंकातल्या गाण्याला "वन्स मोअर" ओरडणाऱ्यांत तिचा आवाज मला बारीवरून ऐकू आला.